आपण ठेवलेलं आपलं नाव

माणसाला आयुष्यात जी नावं मिळतात ती बहुतेक दुसऱ्यांनी दिलेली असतात. बारशाला आत्या कानात सांगते ते एक. जन्मनक्षत्राच्या चरणावरून पत्रिकेत लिहिलेलं नावरस नाव हे दुसरं. ते पुढं लग्न जुळवताना गुरुजींच्या तोंडून तेवढं ऐकू येतं. घरातली माणसं लाडानं हाक मारतात ते तिसरं. शाळेत मुलं चिडवायला ठेवतात ते चौथं, आणि ते सगळ्यांत चिवट. यांतलं एकही नाव आपल्याला विचारून ठेवलेलं नसतं. बारा दिवसांच्या बाळाला विचारणार तरी काय?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र एक नवलाची गोष्ट घडली. घरात संगणक आला, पाठोपाठ मोबाइल आला, आणि साध्यासुध्या माणसांवर स्वतःचं नाव स्वतः ठेवायची वेळ आली. ई-मेलचं खातं उघडायला बसलं की पडद्यावर एक रिकामी चौकट येते आणि विचारते, तुम्हाला कोणतं नाव हवं? पूर्वी हा प्रश्न कवींना पडायचा, नटांना पडायचा, संन्यास घेणाऱ्यांना पडायचा. आता तो भाजी निवडता निवडता मुलाकडून संगणक शिकणाऱ्या बाईलाही पडतो. मला तो २००४ साली पडला. मी काय उत्तर दिलं ते पुढं सांगतेच, पण त्याआधी इतरांची उत्तरं पाहू.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी संगणकावर स्वतःचं नाव घेतलं ‘हरिश्चंद्रगड’. मी म्हटलं, हे काय हो? तर म्हणाले, तरुणपणी दर वर्षी जायचो. गुडघे गेले आणि गड सुटला, आता निदान रोज नाव तरी लिहितो. दुसऱ्या एकांनी आपल्या गावाचं नाव घेतलं आहे. ते गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. तिथं आता जाता येत नाही, एसटीच्या पाटीवर ते नाव दिसत नाही, मुलांना ते ठाऊक नाही. एका शेजारणीनं गेलेल्या भावाचं लाडाचं नाव घेतलं. वरवर पाहिलं तर ही सगळी गंमत वाटते. पण ‘हेच नाव का?’ असं प्रेमानं विचारून बघा. माझा अनुभव असा की स्वतः निवडलेल्या नावात माणूस फारसं नवं काही रचत नाही. जे हातातून निसटतंय, ते तो तिथं गाठ मारून ठेवतो.

आपल्या मराठीत ही रीत जुनीच आहे. संतांच्या अभंगांत शेवटी जी नाममुद्रा येते ती केवळ सही नसते. पैठणच्या एकनाथांनी आपल्या नावाला गुरूंचं, जनार्दनस्वामींचं नाव कायमचं जोडून घेतलं आणि ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा केली. नारायण सूर्याजी ठोसर ‘रामदास’ झाले. आपण कोणाचे, हे त्या नावातच सांगून टाकलं. संत सोयराबाईंच्या अनेक अभंगांत तर त्यांचं सोयरा हे नाव येतच नाही. ‘चोख्याची महारी’ अशी मुद्रा येते. नवऱ्याचं नाव आणि ज्या जातीमुळे देवळाचं दार बंद झालं ती जात, दोन्ही त्यांनी सहीत घातली. ज्या शब्दानं जग त्यांना दूर ठेवत होतं, तोच त्यांनी देवापुढं नाव म्हणून ठेवला.

पुढं छापखाना आला आणि टोपणनावांचं पीक आलं. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांनी समाजाला खडे बोल सुनावणारी पत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावानं. लोकांच्या हिताचं बोलणारा, म्हणजे नावातच कामाची जबाबदारी. कवी मात्र घरातल्या माणसांकडे वळले. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ म्हणून ओळखले गेले. प्रल्हाद केशव अत्र्यांनी विडंबनकविता लिहिल्या त्या ‘केशवकुमार’ या नावानं. दोघांच्याही वडिलांचं नाव केशव, आणि दोन्ही नावांचा अर्थ एकच, केशवाचा मुलगा. एकाला आपण आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणतो. दुसऱ्याच्या ‘झेंडूच्या फुलां’नी कवींचीच टर उडवली. अर्थ एकच असला तरी नावाला वजन येतं ते नाव घेणाऱ्याच्या कामानं, हे यावरून ध्यानात यावं. राम गणेश गडकरी कवितेपुरते ‘गोविंदाग्रज’ झाले. अग्रज म्हणजे आधी जन्मलेला. गोविंद हा त्यांचा धाकटा भाऊ.

याच चालीवर पुढं ‘कुसुमाग्रज’ हे नाव आलं. कुसुम ही कवीची धाकटी बहीण, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण कुसुमाग्रजांची आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जन्मतः त्यांचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर होतं. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन शिरवाडकर झाले. स्वतःचंही नाव बदललं आणि मागं लागणारं वडिलांचंही. ज्याचं नाव मोठ्या माणसांनी एका विधीत असं पुरतं बदललं, त्यानं कवितेसाठी नाव निवडताना बहिणीचं नातं निवडलं. दत्तकविधानानं कागदावरचा बाप बदलतो. पण कुसुमचा थोरला भाऊ हे नातं लहानपणापासूनचं, घरातलं. त्यांनी असाच विचार केला असेल असा माझा दावा नाही. पण ते नाव उच्चारताना मला प्रत्येक वेळी हे आठवतं. नाटकं आणि गद्य त्यांनी वि. वा. शिरवाडकर या नावानं लिहिलं, कविता कुसुमाग्रज या नावानं. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तेव्हा दोन्ही नावांचा माणूस एकच होता.

बायकांच्या बाबतीत टोपणनावाला आणखी एक काम करावं लागलं, ते म्हणजे आडोसा देण्याचं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते या कथांनी इतक्या स्पष्टपणे मांडलं की मराठी समाजात खळबळ उडाली. या विभावरीबाई कोण, याचा शोध सुरू झाला. कोणी म्हणालं, हे पुरुषाचंच काम. प्रकाशक ह. वि. मोटे यांना खरं नाव माहीत होतं. त्यांनी ते उघड केलं नाही. त्या होत्या बाळूताई खरे. स्वतः शिक्षणक्षेत्रात नोकरी करणाऱ्या, म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्यातल्याच एक. नाव उघडं पडलं असतं तर पोटापाण्याचा प्रश्न होता.

‘विभावरी’चा अर्थ रात्र. दिवसाउजेडी जे बोलता येत नाही ते बोलायला रात्रीचं नाव, असा अर्थ मला त्यात लागतो. पुढं १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर बाळूताई मालती बेडेकर झाल्या. एकाच बाईची तीन नावं पाहा. बाळूताई खरे हे माहेरचं, मालती बेडेकर हे सासरचं आणि विभावरी शिरूरकर हे त्यांचं स्वतःचं. पहिल्या दोन नावांना पाठीशी एकेक घर होतं. तिसऱ्या नावाला घर नव्हतं, पुस्तकं होती. मराठी वाचकाच्या स्मरणात पक्कं बसलं ते हे तिसरं.

इथं मी माझ्या खऱ्या विषयाशी येते. पुरुषाचं नाव बदलतं ते दत्तक गेला तर किंवा संन्यास घेतला तर. बाईचं मात्र लग्नातच बदलायचं, अशी आपल्याकडे अनेक समाजांत रीत. आडनाव तर बदलायचंच, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं यायचं, आणि त्यावर पहिलं नावही बदलायचं. कायद्यानं यांतलं काहीही सक्तीचं नाही. तरी वर्षानुवर्षं चालत आलेलं. माप ओलांडून नवी नवरी घरात येते. लक्ष्मीपूजन होतं. ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा हातातल्या अंगठीनं त्या तांदळात नाव लिहितो. बायका वाकून वाचतात, मोठ्यानं म्हणतात, साखर वाटतात. पाच मिनिटांत वीस-बावीस वर्षं वापरलेलं नाव मागं पडतं. ते तांदूळ नंतर डब्यात जातात.

ही रीत थोरामोठ्यांच्या घरीही होती. कल्याणची यमुना जोशी लग्नानंतर आनंदी झाली. तीच १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झालेली आनंदीबाई जोशी. कुर्लेकरांची यमुना लग्नानंतर रमा झाली. त्याच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिणाऱ्या रमाबाई रानडे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या या दोन मोठ्या बायका मुळात दोघीही यमुना. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून गेल्या. बाळविधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, तेव्हा गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. नव्या नावानं या बायकांनी मोठी कामं केली आणि ती नावं उजळली, यात शंका नाही. पण अमेरिकेत पोकिप्सी इथं आनंदीबाईंची रक्षा जिथं आहे, तिथल्या शिळेवर यमुना हे नाव नाही. तिच्या आईनं शेवटपर्यंत मनातल्या मनात कोणत्या नावानं हाक मारली असेल?

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, मेढ्याच्या खाली वेण्णा नदीच्या काठचं. माझं नाव ठेवलं होतं वेणा. वडील म्हणत, नदीवरून ठेवलं. आजी म्हणे, छे, समर्थांच्या शिष्या वेणाबाई, त्यांच्यावरून ठेवलं. वेणाबाईंची समाधी सज्जनगडावर आहे. आजी दासनवमीला गडावर जायची तेव्हा मला तिथं नमस्कार करायला लावायची आणि परत आल्यावर वडील मला नदीवर पोहायला न्यायचे. या वादाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. मला दोन्ही अर्थ आवडत.

१९७३ साली माझं लग्न झालं आणि मी सांगलीला आले. ताटातल्या तांदळात ‘सुनंदा’ हे नाव उमटलं. सासूबाईंनी ते निवडलेलं होतं. नाव चांगलं आहे; आजही त्याला मी पटकन ओ देते. नोकरी लागायच्या वेळी मात्र पंचाईत झाली. मॅट्रिकचा दाखला वेणाचा आणि रेशनकार्ड सुनंदाचं. मग स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की वेणा आणि सुनंदा ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. मी त्याखाली सही केली. कोणत्या नावानं करू, असं विचारलं तेव्हा टंकलेखक हसून म्हणाला, दोन्ही नावांनी करा बाई. तो कागद मी अजून ठेवला आहे. माझ्या दोन नावांची एकत्र गाठ पडलेली अशी ती एकच जागा होती.

पुढची पंचवीस वर्षं मी सुनंदा होते, आणि सुखात होते. ‘वेणे’ म्हणून हाक यायची ती फक्त माहेरी. वडील गेले, मग एक एक करून काका-काकू गेले, भाऊ मला ताई म्हणतो. १९९९ साली आई गेली. बाराव्या-तेराव्याचं सगळं आटोपून सांगलीला परतले, दोन-चार महिने गेले, आणि एक दिवस भांडी लावताना लक्षात आलं, की आता मला वेणा म्हणणारं माणूस या जगात उरलेलं नाही. माणूस जिवंत आणि नाव गेलेलं. याला काय म्हणायचं? याचं सुतक कोणी पाळत नाही.

तीन वर्षांनी सासूबाई आजारी पडल्या. वय ऐंशीच्या पुढं. दवाखान्यात दोन दिवस त्या ग्लानीत होत्या. परिचारिका केसपेपरवरचं नाव घेऊन हाका मारायची, “लक्ष्मीबाई, डोळे उघडा, लक्ष्मीबाई.” काही हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे धाकटे भाऊ आले, तेही पंच्याहत्तरीचे. ते कानाशी वाकले आणि म्हणाले, “चंपे, मी आलोय गं.” सासूबाईंनी डोळे उघडले. त्या घरात मी एकोणतीस वर्षं नांदत होते. सासूबाईंचं नाव चंपा होतं हे मला त्या दिवशी कळलं. माझं वेणा हे नाव ज्यांनी बदललं, त्यांचंही असंच कोणीतरी तांदळात लिहून बदललेलं होतं. नंतर बऱ्या होऊन त्या घरी आल्या तेव्हा एकदा मी विचारलं, तुम्हाला वाईट नव्हतं वाटलं? त्या म्हणाल्या, “तेव्हा वाटायचं नाही गं काही. सगळ्यांचंच बदलायचे.” आणि जरा थांबून म्हणाल्या, “पण स्वप्नात आई चंपाच म्हणते.”

एवढं सगळं मनात असताना २००४ साली ती रिकामी चौकट माझ्यासमोर आली. मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला होता. पत्रव्यवहारासाठी मला ई-मेल उघडून देत होता. म्हणाला, “आई, नाव काय टाकू? सुनंदा?” माझ्या तोंडून निघून गेलं, “वेणा टाक.” तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं टाकलं. यंत्रानं उत्तर दिलं, हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं आहे.

संगणकावरच्या नावांचा हा एक विशेष आहे. आपल्या गावात तीन सुनंदा असल्या तरी अडत नाही. थोरली सुनंदा, वाण्याची सुनंदा, पुलापलीकडची सुनंदा, असं आपण माणूस बघून ओळखतो. यंत्राला माणूस दिसत नाही, अक्षरं दिसतात. म्हणून एका सेवेत एक नाव एकालाच मिळतं. त्यात तेव्हा इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागायचं, आणि इंग्रजी अक्षरांना ‘ण’ माहीत नाही. वेणा लिहिलं तर कोणी वीना वाचणार, कोणी व्हेना. नाव शिल्लक नसलं की यंत्र स्वतःच सुचवतं, पुढं आकडे जोडा. पुष्कळ लोक मग जन्मसाल जोडतात. ते टाळलेलं बरं. अनोळखी माणसाला आपली जन्मतारीख फुकट कशाला सांगायची? मला तर आकडा नकोच होता. कैद्याला असतो, रेल्वेच्या डब्याला असतो. मी म्हटलं, पुढं ‘माहुली’ जोड.

माहुली का, ते सांगते. कृष्णा आणि वेण्णा दोघीही महाबळेश्वरच्या. एकाच डोंगरावर जन्मतात आणि वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरतात. कृष्णा वाईकडून येते, वेण्णा मेढ्याकडून. साताऱ्याच्या पूर्वेला माहुलीला दोघींचा संगम होतो. तिथं घाट आहेत, देवळं आहेत. लहानपणी वडील मला संगमावर घेऊन जात आणि दाखवत, ही आपली, ही कृष्णामाई. संगमाच्या खाली मात्र एकच नाव, कृष्णा. तीच नदी पुढं कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि आमच्या सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाखालून वाहते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी या पुलावर उभी राहून पाणी बघत असे. या पाण्यात वेण्णेचं पाणी आहे हे मला ठाऊक होतं, पण पुलावरच्या कोणाला विचारलं असतं तर त्यानं कृष्णाच सांगितलं असतं. आणि ते खोटं नव्हतं.

म्हणून मी माहुली निवडली. तिथं दोन्ही नावं एकाच वेळी खरी असतात. मला सुनंदा पुसायची नव्हती. त्या नावानं मी संसार केला, नोकरी केली, मुलं वाढवली. मला फक्त वेणा कुठंतरी लिहिलेली हवी होती, रोज हाताखालून जाईल अशी. खरं पाहता मी नवीन काहीच घडवलं नाही. एक नाव वडिलांनी दिलेलं, एक जागा त्यांनीच दाखवलेली. पण दिलेल्या गोष्टींतून काय उचलायचं, ते या वेळी मला विचारलं गेलं होतं. यंत्रानं का होईना, विचारलं.

आमच्या ह्यांना सुरुवातीला ते जरा लागलं. म्हणाले, “सुनंदा नावात काय वाईट आहे?” मी म्हटलं, “काही नाही. ते तुमच्या घरानं ठेवलं, हे माझ्या. दोन्ही राहू देत की.” ते गप्प बसले. अंगठीनं तांदळात लिहिणारा हात त्यांचाच होता, आणि त्या वेळी त्यांनाही कोणी काही विचारलेलं नव्हतं, हे मला कळत होतं. आठ-दहा दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, “वेणाबाई, चहा घेणार का?” थट्टाच होती. पण त्यानंतर पाच वर्षांनी नाही, एवढ्या वर्षांनी त्या नावानं हाक ऐकून मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि ओ दिली. तेव्हापासून आमच्या घरी दोन्ही नावं चालतात. कामाचं असेल तर सुनंदा, चहा असेल तर वेणा.

निवडलेल्या नावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आडोशाचा उपयोग बोलण्यासाठी होतो तसा दगड मारण्यासाठीही होतो. खोटं नाव घ्यायचं आणि अनोळखी बायकापोरींना घाणेरडं लिहायचं, हा प्रकार आज घरोघरीच्या मुलींना माहीत आहे. पण म्हणून टोपणनावालाच दोष देता येणार नाही. विभावरी शिरूरकर हे नाव आडोसाच होतं. तरी त्या नावानं जे लिहिलं, ते लेखिकेनं पुढं आपलं म्हणून सांगितलं. शांता शेळके चित्रपट परीक्षण मंडळावर असताना त्यांनी काही गाणी ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावानं लिहिली, आणि पुढं ती शांताबाईंचीच म्हणून आपण प्रेमानं ऐकली. माझी कसोटी साधी आहे. या नावानं मी जे लिहिते आहे ते उद्या माझ्या खऱ्या नावाखाली छापलं, तर मला मान खाली घालावी लागेल का? नसेल, तर ते नाव आपलं. असेल, तर तो बुरखा.

आता काळ बदलतो आहे. पुष्कळ मुली लग्नानंतर पहिलं नाव बदलत नाहीत, कित्येक आडनावही बदलत नाहीत. महाराष्ट्र सरकारनं तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावाच्या पाठोपाठ आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम लावला आहे. म्हणजे आईचं नाव निदान कागदावर तरी मुलाच्या सोबत चालेल. माझ्या नातीला तांदळात नाव लिहिण्याची हकीगत सांगितली तर ती म्हणाली, “आजी, पासवर्ड बदलतात तसं?” मी म्हटलं, “हो, फक्त बदलणारा दुसरा.”

पण ज्यांची नावं आधीच बदलली गेली, त्या बायका अजून आपल्या घरांत आहेत. सत्तरीच्या, ऐंशीच्या, नव्वदीच्या. त्या चौकटीसमोर बसणार नाहीत, कोणतं नाव हवं असं त्यांना यंत्रही विचारणार नाही. आमच्या घरच्या वंशावळीत सासूबाईंच्या जागी फक्त लक्ष्मी लिहिलेलं होतं. त्या गेल्यावर मी शाईच्या पेनानं कंसात चंपा असं लिहिलं, आणि मग त्यांच्या सासूचं माहेरचं नाव शोधायला लागले. ते सांगणारं कोणी उरलेलं नव्हतं. ती जागा कोरीच राहिली.

आपल्याकडे असं व्हायला नको असेल तर सगळे घरी असतील तेव्हा थोडा वेळ काढा. आजीला विचारा, आईला विचारा, सासूबाईंना विचारा: लग्नाआधी तुम्हाला काय म्हणायचे? ते नाव कोणी ठेवलं होतं, कशावरून ठेवलं होतं, हेही विचारा. जुना फोटो असेल तर त्याच्या मागं लिहून ठेवा. आणि त्यांना आवडत असेल, तर एकदा त्या नावानं हाक मारून बघा.